अधिकाऱ्यांचें द्विभाषित्व : दप्तरांतील पुरावा

१. प्रश्नाचें स्वरूप

राज्यांत दोन भाषा चालत असतील तर वरिष्ठ अधिकाऱ्यास त्या दोन्ही आल्याच पाहिजेत असा निर्बंध असावा किंवा नसावा, हा प्रश्न आज अनेक राष्ट्रांत चर्चिला जात आहे. कॅनडा देशांत इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषांस १९६९ च्या कायद्यानें राज्यकारभारांत समान दर्जा मिळाला. तरीहि २०११ मध्यें फ्रेंच न जाणणाऱ्या गृहस्थाची महालेखापरीक्षकाच्या जागीं नेमणूक झाली तेव्हां मोठा वाद माजला. आणि संसदेशीं संबंध असलेल्या दहा पदांवर नेमावयाच्या मनुष्यास नेमणुकीच्या वेळींच दोन्ही भाषा येत असल्या पाहिजेत, असा स्वतंत्र कायदा २०१३ मध्यें तेथें करावा लागला. आपल्याकडे भारतीय प्रशासन सेवेंतील उमेदवारास ज्या राज्यांत नेमणूक मिळते त्या राज्याची भाषा शिकून तिची परीक्षा द्यावी लागते. नियम आहे, परंतु त्याचा हेतु कोणता, आणि तो पुरेसा आहे काय, याविषयीं विचार क्वचितच होतो.

हा विषय राजनीतीचा असतां इतिहाससंशोधनाच्या पानांत त्यास जागा कशासाठीं, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. तिचें उत्तर असें कीं, या प्रश्नाचा अनुभव आपल्या देशास चारशें वर्षांहून अधिक काळाचा आहे, आणि त्या अनुभवाचे साक्षीदार, म्हणजे जुने कागद, या त्रैमासिकाच्या वाचकांच्याच संग्रहीं आहेत. ज्या राज्यांत सिंहासनाची भाषा एक व रयतेची दुसरी, तेथें दोन भाषांचा सांधा कोठें तरी जोडावाच लागतो. तो तीन ठिकाणीं जोडतां येतो : कागदांत, मधल्या मनुष्यांत, किंवा खुद्द अधिकाऱ्यांत. दक्षिणेच्या इतिहासांत हे तीनहि प्रयोग होऊन गेले. त्यांचा क्रमानें विचार केला असतां प्रस्तुत प्रश्नाचें उत्तर बरेंच स्पष्ट होतें.

२. द्विभाषिक कागद

आदिलशाही व निजामशाही अमलांतील कित्येक सनदा व हुकूम एकाच कागदावर दोन भाषांत लिहिलेले सांपडतात. वर फारशी मजकूर व खालीं मोडी लिपींत मराठी, अशी त्यांची सामान्य मांडणी असते. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहींत मराठीच्या जागीं तेलुगु येते. कारण उघड आहे. शिक्का फारशी जाणणाऱ्या दरबाराचा. हुकूम बजावणारे देशमुख, देशकुळकर्णी व पाटील मात्र देशभाषा जाणणारे. एकास अधिकार सिद्ध करावयाचा, दुसऱ्यास काम समजून घ्यावयाचें.

हे दोन मजकूर म्हणजे एकाच गोष्टीची निरर्थक द्विरुक्ति असें मानणें योग्य नाहीं. घाईच्या शिकस्ता वळणांत नुक्ते गाळण्याची चाल असल्यामुळें ब, प, त, न हीं अक्षरें शब्दाच्या आरंभीं व मध्यें एकसारखीं दिसतात; ऱ्हस्व स्वर तर फारशी लिपींत बहुधा लिहिलेच जात नाहींत. परिचयाचा शब्द संदर्भानें लागतो. परंतु एखाद्या लहानशा गांवाचें नांव अशा अक्षरांत आलें म्हणजे निष्णात वाचकासहि तें खात्रीनें सांगतां येत नाहीं. मोडींतहि दोष आहेत. तींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, आणि शब्द सुटे तोडले जात नाहींत. तथापि व्यंजनें निश्चित असल्यामुळें ग्रामनामें व आडनांवें तींत बरीचशीं निःसंदिग्ध राहतात. उलट पदव्या, किताब व दरबारी संज्ञा मराठी लेखकाच्या हातीं अपभ्रष्ट होतात, त्या फारशी मजकुरांत शुद्ध मिळतात. एका लिपीची उणीव दुसरी भरून काढते. इनामाचा वाद उपस्थित झाला म्हणजे हा भेद केवळ पांडित्याचा रहात नसे. शेत कोणाच्या शिवांत पडतें याचा निकाल त्यावर लागे.

येथपर्यंत ही व्यवस्था शहाणपणाची दिसते. तिचा दुसरा भाग मात्र विचार करण्यासारखा आहे. फिरिश्ता लिहितो कीं, पहिला इब्राहीम आदिलशाह (कारकीर्द १५३४ ते १५५८) यानें गादीवर येतांच राज्याचे हिशेब फारशीऐवजीं हिंदवींत ठेवविले व तें काम ब्राह्मणांकडे सोंपविलें. हिंदवी या शब्दानें मराठी मुलखापुरती मराठीच समजावयाची, असा अर्थ अभ्यासक सामान्यतः घेतात. उत्तरेंत अकबराच्या दरबारीं नेमकें उलट घडलें. राजा तोडरमल यानें १५८२ च्या सुमारास जमाबंदीचें दप्तर सरसकट फारशींत ठेवण्याची पद्धति घातली, आणि ज्या हिंदु कारकुनांस नोकरी हवी होती त्यांनीं फारशीचा अभ्यास सुरू केला. विजापुरानें दप्तर कारकुनाच्या भाषेपाशीं नेलें. आग्ऱ्यानें कारकुनास सिंहासनाच्या भाषेपाशीं ओढलें.

वरवर पाहतां हीं धोरणें परस्परविरुद्ध आहेत; परंतु एका बाबतींत दोहोंचें ऐक्य आहे. शिकण्याचें ओझें दोहोंपैकीं कोणीहि वरिष्ठावर टाकिलें नाहीं. विजापुरांत याचा परिणाम असा संभवतो कीं, मराठी न जाणणारा वजीर ज्या हिशेबावर शिक्का करी तो त्यास स्वतः वाचतां येत नसे. कागद द्विभाषिक झाला म्हणून अधिकारी द्विभाषिक होत नाहीं, हा पहिल्या प्रयोगाचा निष्कर्ष होय.

३. मधला मनुष्य

दुसरा प्रयोग दुभाष्याचा. संस्कृत ‘द्विभाषिन्’ पासून आलेला हा शब्द मूळचा केवळ गुणवाचक, दोन भाषा बोलणारा इतकाच त्याचा अर्थ. परंतु पूर्व किनाऱ्यावर युरोपीय व्यापाऱ्यांच्या तोंडीं त्याचा ‘डुबाश’ झाला, आणि अर्थहि पालटला. डुबाश म्हणजे दलाल, सावकार, कारभारी आणि धन्याच्या दारांत प्रवेश देणारा द्वारपाल. पांडिचेरीस दुप्ले याचा डुबाश असलेल्या आनंद रंग पिळ्ळे (१७०९ ते १७६१) याची दैनंदिनी प्रसिद्ध आहे. ती वाचली म्हणजे भाषा जाणणारा सेवक भाषा न जाणणाऱ्या धन्याला किती आवश्यक होऊन बसतो, हें कळून येतें. शब्दाच्या अर्थांतराचा हा इतिहास सत्तेच्या स्थानांतराचाहि इतिहास आहे.

गोव्यांत पोर्तुगीज सरकारनें हें काम पदाच्या स्वरूपांत बांधून टाकिलें. तेथें सरकारी दुभाष्याचा स्वतंत्र हुद्दा होता, आणि मराठे, मोगल व इतर सत्तांशीं चालणारा पत्रव्यवहार त्याच्या हातांतून जाई. या दुभाष्यांचा व पोर्तुगीज वकिलातींचा इतिहास पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं परिश्रमपूर्वक उजेडांत आणिला आहे. त्याच गोव्यांत व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानें १६८४ मध्यें देशी लोकांनीं आपली भाषा टाकून तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज बोलूं लागावें असा हुकूम काढिला. राज्यकर्त्यानें रयतेची भाषा शिकण्याऐवजीं रयतेनेंच राज्यकर्त्याची शिकावी, या वृत्तीचें याहून स्पष्ट उदाहरण मिळणें कठीण. परंतु हुकूम निघाला म्हणून भाषा गेली नाहीं. कोंकणी आजहि जिवंत आहे, आणि सरकारी दुभाष्याची गरजहि त्या हुकुमानें संपली नाहीं.

रायगडावरील १६७४ च्या राज्याभिषेकाचे वेळीं आलेल्या हेन्री ऑक्झिंडन याचा वृत्तांत आपल्या परिचयाचा आहे. इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी त्याच्याबरोबर होता. दरबारांत ऑक्झिंडन यानें दुरून मुजरा केला, आणि नजराण्याची हिऱ्याची अंगठी नारायण शेणव्यानें उंच धरली, तेव्हां महाराजांचें लक्ष त्या मंडळींकडे गेलें. तहाची वाटाघाट अशाच माणसांच्या मुखानें व्हावयाची होती. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयीं संशय घेण्याचें कांहीं कारण नाहीं. प्रश्न प्रामाणिकपणाचा नसून पडताळ्याचा आहे. दुभाषी चुकला हें धन्यास कळण्याचें साधन कोणतें? साधन एकच : धन्यास ती भाषा निदान समजण्यापुरती येणें.

आपल्या राजनीतिशास्त्रकारांस या धोक्याची जाणीव होती असें म्हणतां येतें. कौटिल्यानें राजशासनें लिहिणाऱ्या लेखकास अमात्याचे गुण हवेत असें सांगितलें आहे. केवळ अक्षर सुंदर असून भागत नाहीं. राजाचा शब्द ज्याच्या हातून कागदावर उतरतो त्याची योग्यता मंत्र्याच्या तोडीची पाहिजे, हें तत्त्व दुभाष्यासहि तितकेंच लागू पडतें.

४. शिवकाल व पेशवाई

मराठी राज्यांत दरबारची व रयतेची भाषा एक झाली, तरी द्विभाषित्वाची गरज संपली नाहीं. तिची दिशा मात्र पालटली. राज्याभिषेकाच्या सुमारास अष्टप्रधानांस संस्कृत नांवें मिळालीं : मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापति झाला. याच धोरणाचें फळ म्हणजे रघुनाथ पंडिताचा राजव्यवहारकोश. त्याचे दहा वर्ग असून राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग वगैरेंत मिळून तेराशेंहून अधिक यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत.

या कोशाकडे आपण सामान्यतः परभाषेच्या उच्चाटनाचें साधन म्हणून पाहतों. तें खरेंच आहे. परंतु त्यांतील एक गोष्ट सहज दृष्टीआड होते. फारशी काढून टाकावयाची तर फारशी नीट जाणणारा मनुष्य पाहिजे. ज्यास फारशी शब्दाचा नेमका अर्थ माहीत नाहीं, त्यास त्याचा प्रतिशब्द घडवितां येणार नाहीं. राजव्यवहारकोश हा द्विभाषिक, किंबहुना त्रिभाषिक, पंडिताचा ग्रंथ आहे. स्वभाषेचा अभिमान व परभाषेचें ज्ञान यांचा विरोध नाहीं, हें त्यानें आपल्या कृतीनें दाखविलें.

कै. राजवाडे यांनीं १६२८, १६७७ व १७२८ या सालांतील एकेक पत्र घेऊन त्यांतील शब्दांची गणना केली होती. पहिल्यांत मराठी शब्द शेंकडा १४ च्या आसपास, दुसऱ्यांत ६२ च्या, व तिसऱ्यांत ९३ च्या आसपास भरले. तीन पत्रांवरून शंभर वर्षांचा सिद्धान्त काढणें सावधपणाचें नव्हे. विषय, लेखक व पत्राचा प्रकार पालटला कीं शब्दांचें प्रमाणहि पालटतें. तथापि त्या काळांतील प्रवाहाची दिशा त्यांनीं अचूक दाखविली आहे. असें असूनहि ‘पेशवा’, ‘फडणीस’ व ‘चिटणीस’ हे शब्द टिकलेच.

परदरबाराशीं व्यवहार करण्यास फारशी हवीच होती. जिझियाविरुद्ध औरंगजेबास पाठविलेलें फारशी पत्र नीळप्रभु मुनशी याच्या लेखणीचें म्हणून प्रसिद्ध आहे. पुढें पेशव्यांच्या दप्तरांत पारसनिसाचा हुद्दा कायम राहिला. परंतु मराठी राज्याचें खरें बळ पारसनिसांपेक्षां वकिलांत दिसतें. दिल्लीचे हिंगणे, हैदराबादचे गोविंदराव काळे हे नुसते भाषांतरकार नव्हते. दरबारांत प्रत्यक्ष कानांनीं ऐकावें, तेथील बोलण्याचा रोंख ओळखावा, आणि पुण्यास मराठींत सविस्तर लिहावें, अशी त्यांची रीत होती. ऐकणारा, समजणारा व मसलत देणारा एकच असल्यामुळें त्यांच्या पत्रांत जो ठसठशीतपणा येतो, तो नुसत्या तर्जुम्यांत कधींच येत नाहीं. तिसऱ्या प्रयोगाचें, म्हणजे अधिकाऱ्याच्या अंगच्या द्विभाषित्वाचें, हें आपल्या इतिहासांतील उत्तम उदाहरण होय. लक्षांत घेण्यासारखें हें कीं, तें कोणत्याहि परीक्षेवांचून, कामाच्या गरजेंतून सिद्ध झालें होतें.

५. परीक्षेचा निर्बंध

निर्बंध म्हणून हा नियम प्रथम इंग्रजी अमलांत आला. गव्हर्नर जनरल वेलस्ली यानें १७९८ च्या अखेरीस असें जाहीर केलें कीं, १ जानेवारी १८०१ पासून कंपनीच्या मुलकी नोकरास कायदे व देशी भाषा यांचें ज्ञान सिद्ध केल्याशिवाय कांहीं जबाबदारीच्या जागा मिळणार नाहींत. न्यायाधीश, वसुली अधिकारी यांसारख्या ज्या पदांचा रयतेशीं संबंध येई, तीं या नियमाखालीं आलीं. पद पाहून भाषा ठरविण्याचें हें तत्त्व महत्त्वाचें असून त्याचा उपयोग पुढें करावयाचा आहे. त्यासाठींच १८०० मध्यें कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघालें. तेथें विल्यम केरी यानें वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें मराठीचें अध्यापन केलें. त्याचें मराठी व्याकरण १८०५ मध्यें व कोश १८१० मध्यें प्रसिद्ध झाला. १८३१ चा मोल्स्वर्थचा कोश हेंहि याच गरजेचें अपत्य होय. परकी अधिकाऱ्यांसाठीं रचलेल्या या साधनांवर आपल्या भाषेच्या अभ्यासाची मोठी इमारत उभी राहिली, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. पुढें १८३७ च्या २९ व्या कायद्यानें न्याय व वसूल या खात्यांतून फारशी काढून टाकण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि देशभाषा जाणण्याची आवश्यकता अधिकच वाढली.

परंतु परीक्षेस मर्यादा आहेत. अनेक वर्षें शाळेंत घालविलेल्या मनुष्यास ही गोष्ट सांगावी लागत नाहीं. नेमलेलीं पुस्तकें पाठ करून उतारा बिनचूक भाषांतरणारा विद्यार्थी बाजारांतील भांडण समजूं शकेलच असें नाहीं. परीक्षा उत्तीर्ण झालेला साहेब कुणब्याची फिर्याद ऐकतांना शिरस्तेदाराच्या तोंडाकडे पाहूं लागला, कीं परीक्षेचा हेतु तेथेंच बुडाला. नियम पाळला जातो आणि सत्ता मात्र पुन्हा मधल्या माणसाकडे जाते.

६. भाषांतरावर झालेला न्याय

हें नुकसान केवढें असूं शकतें याचें उदाहरण लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यांत आहे. १८९७ च्या खटल्यांत ज्यूरींतील सहा युरोपियनांनीं टिळकांस दोषी व तिघां हिंदी गृहस्थांनीं निर्दोषी ठरविलें. १९०८ मध्यें ‘देशाचें दुर्दैव’ व ‘हे उपाय टिकाऊ नाहींत’ या ‘केसरी’ तील लेखांवरून पुन्हा खटला झाला. ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी होते. ज्यूरींत मराठी न जाणणाऱ्यांचाच भरणा होईल, हा आक्षेप टिळकांच्या बाजूनें आरंभींच घेण्यांत आला. तो टिकला नाहीं. मुंबईच्या उच्च न्यायालयांत १३ ते २२ जुलै असा तो खटला चालला. टिळकांनीं स्वतः आपलें समर्थन केलें, आणि त्यांत सरकारी भाषांतराच्या दोषांवर त्यांचा मोठा भर होता. इंग्रजी राजकीय कल्पनांसाठीं मराठींत नवे शब्द त्या काळीं घडत होते. त्यांचें कोशाच्या आधारें उलट इंग्रजी केलें म्हणजे मूळ कल्पना नाहींशी होऊन तीव्रतर अर्थ निघतो, असें त्यांचें म्हणणें होतें. ज्यूरीचें मत सात विरुद्ध दोन असें पडलें, आणि न्यायमूर्ति दावर यांनीं सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा दिली.

मराठी जाणणाऱ्या ज्यूरीनें वेगळा निकाल दिला असता कीं काय, या तर्काचें येथें प्रयोजन नाहीं. मुद्दा पद्धतीचा आहे. ज्यांनीं दोष ठरविला त्यांतील बहुतेकांनीं आरोपित लेख वाचला नव्हता. त्याचें इंग्रजी भाषांतर वाचलें होतें. शब्दाचा भाव हाच जेथें गुन्ह्याचा विषय, तेथें शब्द न समजणाऱ्यानें निवाडा करणें हें न्यायास शोभणारें नव्हे. ज्यूरीचे सभासद म्हणजे अधिकारी नव्हेत, हें खरें. पण त्या दहा दिवसांपुरता राज्याचा सर्वांत मोठा अधिकार त्यांच्याच हातीं होता.

७. निष्कर्ष

या निर्बंधाविरुद्ध मुख्य आक्षेप दोन आहेत. पहिला असा कीं, भाषेची अट घातली तर योग्य मनुष्य केवळ भाषेमुळें वगळला जाईल. दुसरा असा कीं, आपल्या देशांत दोनच भाषा नाहींत. संविधानाच्या आठव्या अनुसूचींत बावीस आहेत, मग कोणत्या दोन म्हणावयाच्या? दोन्ही आक्षेप विचारार्ह आहेत, आणि सरसकट सर्व वरिष्ठांस एकच अट लावणें त्यामुळें योग्य ठरत नाहीं. तोफखान्याचा वा टांकसाळेचा अधिकारी आपल्या कामांत निपुण असला म्हणजे पुष्कळ झालें.

परंतु वरील पुराव्यावरून एक भेद स्पष्ट करतां येतो. ज्या अधिकाऱ्याचा निर्णय लोकांच्या शब्दावर अवलंबून असतो, म्हणजे जो फिर्याद ऐकतो, साक्ष घेतो, अर्जावर हुकूम देतो किंवा हिशेब तपासतो, त्यास त्या लोकांची भाषा आलीच पाहिजे. वेलस्लीच्या नियमाप्रमाणें ही अट मनुष्याच्या दर्जावर नव्हे तर पदाच्या कामावर बसवावी. दोन कोणत्या, हा प्रश्नहि मग उरत नाहीं : एक कारभाराची, व दुसरी ज्यांच्यावर अंमल चालतो त्यांची, त्या दोन्ही एकच असतील तर उत्तमच. आणि अपेक्षा वक्तृत्वाची नसावी. मूळ कागद वाचतां येणें, मूळ बोलणें समजणें, आणि भाषांतर चुकलें तर तें ओळखतां येणें, एवढें पुरे. दुभाषी व भाषांतरकार यांची गरज संपत नाहीं. मात्र ते अधिकाऱ्याचे सहायक राहतात, त्याचे डोळे व कान होत नाहींत. ओझें कोणाच्या शिरावर असावें, या प्रश्नाचें उत्तर असें कीं, ज्याच्याकडे अधिकार त्याच्याकडे ओझें. रयतेस दाद मागावयाची असते. दाद मागण्यासाठीं तिनें आधीं परभाषा शिकावी, ही अपेक्षा न्यायाची नव्हे.

८. संग्राहकांस विनंति

हेंच तत्त्व संशोधकांसहि लागू आहे. आपल्यापैकीं बहुतेक एका लिपीचे जाणकार आहोंत. द्विभाषिक कागद हातीं आला कीं मोडीवाला मोडी मजकूर उतरून घेतो, फारशीवाला फारशी. आणि उरलेला अर्धा ‘वर फारशी मजकूर आहे’ एवढ्या एका वाक्यांत संपतो. कै. ग. ह. खरे यांनीं ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ या मालेंत फारशी कागद मुळासह व मराठी भाषांतरासह छापण्याचा जो कित्ता घालून दिला, तो द्विभाषिक कागदांच्या बाबतींत सर्वांनीं गिरवावा. ज्यांच्या घरीं असे कागद आहेत त्यांनीं त्यांचें छायाचित्र घेतांना शिक्के, समासांतील शेरे व पाठीमागील नोंदी यांसह दोन्ही मजकूर घ्यावेत. कागद घडीवर जीर्ण होऊन दोन तुकडे झाले असतील तर ते वेगवेगळ्या पुडक्यांत बांधूं नयेत. आणि फारशी भाग कोणास वाचतां येत नाहीं म्हणून तो निरुपयोगी समजूं नये. ज्या दोन मजकुरांनीं मिळून एके काळीं कोणाच्या तरी शेताचा हक्क राखला, त्यांतील एक आपल्या अज्ञानामुळें नष्ट होऊं देणें योग्य नाहीं.